सुया जागेवर आहेत का?

नांदेडात मी इतकी वर्षं नोकरी केली, पण माझं काम नेमकं काय हे आमच्या गल्लीत कुणालाच कधी कळलं नाही. कॅन्सरच्या दवाखान्यात आहे म्हटल्यावर लोक डॉक्टर समजायचे आणि गुडघेदुखीपासून केसातल्या कोंड्यापर्यंत सगळं विचारायचे. डॉक्टर नाही म्हटल्यावर नर्स समजायचे. तेही नाही म्हटल्यावर चेहऱ्यावर जरा दया यायची. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या सासूबाईंना विचारलं, "सूनबाई तिथं मशीनवर बसतात न?" सासूबाईंनी "हाव" म्हणून विषय संपवला. उत्तर फार काही चूक नव्हतं.

मी मेडिकल फिजिसिस्ट. शिक्षणानं भौतिकशास्त्राची, नोकरीनं दवाखान्यातली. किरणोपचारात डॉक्टर सांगतात की रोग इथे आहे, याला एवढी मात्रा द्यायची आणि शेजारच्या अवयवांना एवढं जपायचं. ती मात्रा तिथेच आणि तेवढीच पोचेल अशी आखणी करायची, आणि ती खरंच पोचणार आहे की नाही हे पारखायचं, ते आमचं काम. पेशंटला बहुधा आम्ही दिसतही नाही. तो बरा झाला तर डॉक्टरांचे पाय धरतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही भिंतीपलीकडे स्क्रीनसमोर बसलेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपसमारंभात नारळ, शाल आणि माझ्या कामाविषयी बरीच चुकीची माहिती देणारी भाषणं झाली. तेव्हाच ठरवलं की एकदा हे सगळं साध्या मराठीत लिहायचं. सगळी नोकरी सांगत बसत नाही. एका पेशंटची गोष्ट सांगते. ती सांगितली की माझं काम आपोआप कळेल.

आमच्याकडे ब्रॅकीथेरपीचं मशीन होतं. म्हणजे किरणांचा स्रोत शरीराबाहेर न ठेवता थेट गाठीच्या आत नेऊन उपचार करायचं यंत्र. त्या यंत्राच्या पोटात जाड शिशाच्या आवरणात इरिडियमचा एक कण असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान, बारीक तारेच्या टोकाला बसवलेला. गाठीत पोकळ सुया घातलेल्या असतात. यंत्र ती तार एकेका सुईतून आत पाठवतं. दाणा ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो, पुढच्या जागी सरकतो, मग परत येऊन दुसऱ्या सुईत शिरतो. शेतातलं ठिबक ज्यानं पाहिलंय त्याला हे लगेच समजेल. कुठल्या झाडापाशी किती वेळ पाणी सोडायचं, तसं कुठल्या जागी दाण्याला किती वेळ उभं करायचं हे आम्ही आखायचं. त्या आखणीला आम्ही प्लॅन म्हणतो. दाणा आत असताना खोलीत फक्त पेशंट. बाकी सगळे जाड भिंतीच्या बाहेर.

बरीच वर्षं हे मशीन बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीच वापरलं जायचं. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचे पेशंट आले की आम्ही चिठ्ठी लिहून त्यांना मुंबईला नाही तर हैदराबादला पाठवायचो. किती जण प्रत्यक्षात गेले, देव जाणे. किनवटकडचे एक आजोबा आठवतात. लघवीचा त्रास घरातल्या सुनांसमोर कसा सांगायचा म्हणून दोन वर्षं गप्प बसले आणि आमच्याकडे आले तेव्हा रोग कमरेच्या हाडात पोचला होता. त्यांना द्यायला आमच्याकडे दुखणं कमी करण्याच्या उपचारांपलीकडे काही उरलं नव्हतं. परतीच्या रेल्वेची वेळ होईपर्यंत ते व्हरांड्यात बसून होते. असे पुरुष मी फार पाहिले. बायकांना डॉक्टरकडे नेणारं कुणी नसतं आणि पुरुषांना स्वतःहून जायची लाज वाटते, हा माझा अनुभव आहे.

डॉ. भालेराव आमच्याकडे किरणोपचारतज्ज्ञ म्हणून आले आणि हे चित्र पालटलं. उंच, घाईत चालणारा, घाईत जेवणारा माणूस. मूळचे लातूरचे. आल्यावर पहिल्याच महिन्यात ते मला म्हणाले, "मॅडम, मशीन आपल्याकडे आहे, सोनोग्राफी आहे, तुम्ही आहात. मग ही माणसं आपण मुंबईला कामून पाठवून राहिलो?" आम्ही दोघं शिकून आलो, जिलेटिनच्या गोळ्यात सुया खुपसून सराव केला, सगळी उपकरणं जमवली. आणि मग व्यंकट मास्तर आले.

व्यंकटराव देगलूरचे बँडमास्तर. घरची थोडी शेती होती, ती भाऊ बघायचा. यांनी तरुणपणापासून क्लॅरिनेट वाजवलं. त्या भागात एकही मोठं लग्न त्यांच्या बँडशिवाय व्हायचं नाही, असं त्यांच्यासोबत आलेला मुलगा शंकर सांगायचा. मास्तर स्वतः काही सांगायचे नाहीत. साठी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, पण छाती भरलेली. पांढरंशुभ्र धोतर, वर कोट. दवाखान्यात धोतर नेसून आणि कोट घालून येणारे तेवढे एकच.

त्यांचा कॅन्सर प्रोस्टेटच्या आतच होता, बाहेर पसरला नव्हता. हैदराबादला त्यांना ऑपरेशन सुचवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं होतं की ऑपरेशननंतर काही जणांचा लघवीवरचा ताबा सैल पडतो, शिंकताना, खोकताना, जोर लावताना थेंब जातात. मास्तर ते ऐकून तडक उठून आले होते.

डॉ. भालेराव त्यांना आमचा बेत समजावत होते. आधी काही आठवडे बाहेरून किरणोपचार, मग एकदाच सुया घालून आतून मोठी मात्रा. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरांना सोडून माझ्याकडे वळले. मी तिथं का बसले आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि बाईमाणसापुढे हे बोलायला त्यांना बराच धीर गोळा करावा लागला असणार.

"मॅडम, मी गळ्यातून फुंकत न्हाई, पोटातून फुंकतो," ते म्हणाले. "वरचा सूर धरायचा म्हणलं की सगळा जोर खाली येतो. चार माणसांत, वरातीच्या म्होरं उभं ऱ्हाऊन फुंकताना माझं धोतर वलं झालं तर? त्यापरीस हाय तो रोग बरा."

शंकर खाली बघायला लागला. मी मास्तरांना कागदावर चित्र काढून दाखवलं. प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी, बोलताना आम्ही तिलाच गाठ म्हणतो. वर मूत्राशय. लघवीची नळी गाठीच्या मधून खाली उतरते. मागे लगेच गुदाशय. आणि गाठीच्या खालच्या टोकाला लागून तो स्नायू, जो लघवी धरून ठेवतो. मी म्हटलं, "मास्तर, तुमचं क्लॅरिनेट या स्नायूवर आहे. आम्हाला गाठ पूर्ण जाळायची आहे आणि याला हात लावायचा नाही. खात्री कुणीच देत नाही. पण आमची सगळी धडपड तीच असणार."

त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "सरे." देगलूरकडे तेलुगू शब्द बोलण्यात सहज येतात. सरे म्हणजे ठीक आहे.

बाहेरचे किरणोपचार झाले. मास्तर नांदेडात मेहुण्याकडे राहिले, रोज पायी यायचे. मग सुयांचा दिवस आला. आमच्या दवाखान्यातला प्रोस्टेटचा पहिलाच. सकाळी भूलतज्ज्ञांनी पाठीत बारीक नळी बसवून कमरेखालचा भाग बधिर केला. डॉ. भालेरावांनी गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, पडद्यावर गाठ दिसायला लागली. दोन पायांच्या मधल्या जागेवर छिद्रांची एक पट्टी टाके घालून बसवतात. आम्ही तिला जाळी म्हणतो. जाळीच्या एकेका छिद्रातून सुई आत जाते, गाठीच्या वरच्या टोकापर्यंत. डॉक्टरांचा एरवी घाईत असणारा हात त्या दिवशी इतका सावकाश चालत होता की मला नवल वाटलं. पंधरा-सोळा सुया, सगळ्या सुरेख अंतरावर. लघवीची नळी वाचवून, तिच्याभोवती कडं केल्यासारख्या. सुया जाळीत घट्ट केल्या आणि मास्तरांना सीटी स्कॅनला नेलं.

त्यानंतरचं काम माझं. स्कॅनमध्ये शरीराच्या चकत्या केल्यासारखी चित्रं दिसतात, त्यातल्या एकेकावर डॉक्टरांनी गाठ, नळी, गुदाशय, मूत्राशय आखून दिलं. मी दाण्याच्या थांबण्याच्या जागा आणि वेळा बसवत गेले. इथं लोकांना वाटतं कॉम्प्युटर सगळं करतो. तो करतो, पण त्याला मागाल ते करतो, आणि काय मागायचं हे शिकायलाच वर्षं जातात. गाठीचा किती भाग पूर्ण मात्रेत येतो, हे आधी पाहायचं. मग नळीला सगळ्यात जास्त किती लागतंय. मग गुदाशयाला. मग गाठीत कुठे दुप्पट मात्रेचे डाग पडताहेत का, ते नळीजवळ तर नाहीत ना. एका जागी वेळ वाढवली की दुसरीकडे काहीतरी बिघडतं. अशी देवाणघेवाण करत करत मी एका प्लॅनवर आले आणि हात मागे घेतले. आजही सांगते, तो सुंदर प्लॅन होता. पूर्ण मात्रा जिथवर पोचते ती रेषा गाठीच्या कडेकडेनं फिरत होती, मधे नळीभोवती पोकळी होती आणि खालचा स्नायू रेषेच्या बाहेर होता. डॉ. भालेराव मागे उभं राहून बघत होते. "मॅडम, हे फ्रेम करून लावा," म्हणाले. मला फार आनंद झाला, तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

हे सगळं होईतो दुपार सरत आली. मास्तर इतका वेळ वॉर्डात पाठीवर पडून होते. त्यांना उपचाराच्या खोलीत आणलं. सुयांना यंत्राच्या नळ्या जोडायच्या, दोघांनी सह्या करायच्या, बाहेर यायचं, दार लावायचं आणि सुरू करायचं, एवढंच उरलं होतं. नळ्या जोडण्याआधी मी वाकून जाळी बघितली. टाके होते तसेच होते. सुया जाळीत घट्ट होत्या. पण जाळी सकाळी जशी कातडीला चिकटून बसली होती तशी आता बसलेली नव्हती. तिच्याखालचा भाग सुजून वर आला होता. टाके सैल दिसत नव्हते, ताणलेले दिसत होते.

सूज येणारच. एवढ्या सुया खुपसल्यावर कुठलंही अंग सुजतं. पण जाळी जर सुजेनं बाहेर ढकलली गेली असेल, तर तिच्यात घट्ट बसलेल्या सुयाही तिच्यासोबत बाहेर आल्या असणार. म्हणजे गाठ आपल्या जागी आणि सुया खाली.

मी डॉ. भालेरावांना बाजूला बोलावलं आणि म्हटलं, पुन्हा स्कॅन करू या.

त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. जाळीला टाके आहेत, सुया लॉक आहेत, बाहेरून मोजमाप तंतोतंत जुळतंय. सीटीवर अपघाताच्या पेशंटची रांग लागली होती. भुलीचा असर उतरायला लागला होता. पेशंटला पुन्हा उचलून नेण्यानंच सुया हलायची भीती होती. आमचा पहिलाच पेशंट, वॉर्डातले सगळे डोळे लावून बसलेले. ते हळू आवाजात पण चिडून बोलले, की मी निष्कारण घाबरते आहे. मी म्हटलं, असेन. पण सकाळच्या स्कॅनवरून केलेला प्लॅन सकाळच्या सुयांसाठी आहे, आत्ता त्या कुठे आहेत हे आपल्याला माहीत नाही. ते म्हणाले, एवढ्यातेवढ्यानं काय होतं? बाहेरच्या किरणोपचारात आपण एवढा फरक धरूनच चालतो. मी म्हटलं, बाहेरच्या उपचारात रोज थोडी मात्रा असते, एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी मुरून जाते. इथे एकाच खेपेला सगळं द्यायचंय.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, सुया जिथे सरकल्या असतील तिथेच मास्तरांचा तो स्नायू आहे. मला सुया दाखवा. मी लगेच सही करते."

सहीशिवाय उपचार सुरू होत नाही. त्या नियमाचा आधार घेऊन मी कुणाला अडवलं असं नोकरीत फार कमी वेळा झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे पाहिलं, खाली वाकून बोटानं सूज दाबून बघितली. आणि सिस्टरला सांगितलं की सीटीला फोन लावा, मी स्वतः बोलतो.

दुसरा स्कॅन पडद्यावर आला तेव्हा कुणालाच काही सांगावं लागलं नाही. सकाळी सुयांची टोकं गाठीच्या वरच्या काठाला भिडलेली होती. आता वर एका बोटाच्या रुंदीएवढा गाठीचा भाग मोकळा पडला होता. मी सकाळचा सुंदर प्लॅन त्या नव्या चित्रावर ठेवून बघितला. मूत्राशयाकडचा भाग, जिथे मास्तरांचा रोग होता, तो अर्धा उपाशी राहिला होता. आणि पूर्ण मात्रेची ती रेषा खाली उतरून बरोबर त्या स्नायूला कवेत घेऊन बसली होती.

फ्रेम करून लावायचा तो प्लॅन होता. आकड्यांत एक चूक नव्हती त्याच्यात. तो फक्त दुसऱ्याच जागेसाठी होता.

डॉ. भालेराव खुर्चीवर बसले. मग उठले, हात धुवायला गेले आणि जाता जाता म्हणाले, "सुया पुढे घेतो. तुम्ही मास्तरांशी बोला."

मास्तर जागे होते. छताकडे बघत पडले होते. मी त्यांच्या उशाशी जाऊन खरं तेच सांगितलं. सूज आल्यानं सुया खाली सरकल्यात, त्या परत जागेवर न्याव्या लागतील, पुन्हा स्कॅन, पुन्हा माझा हिशोब, म्हणजे अजून बराच वेळ असंच पडून राहावं लागेल. त्यांनी विचारलं, न सरकवता केलं असतं तर काय झालं असतं? मी म्हटलं, तुमच्या क्लॅरिनेटला लागलं असतं. त्यांनी मान हलवली.

"मग घाई कामून करता?" ते म्हणाले. "वाद्य लागल्याबिगर आमी बी वरात काढत न्हाई."

भूलतज्ज्ञांनी पाठीतल्या त्या नळीतून पुन्हा औषध सोडलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर बघत एकेक सुई पुढे नेली आणि जाळी नव्यानं टाचली. तिसरा स्कॅन झाला. मी पुन्हा पहिल्यापासून प्लॅन केला. हा सकाळच्या प्लॅनइतका देखणा झाला नाही. सुजेनं गाठीचा आकार थोडा बदलला होता, एक सुई जरा तिरकी झाली होती, तिच्यातला वेळ काढून शेजारच्या दोन सुयांत वाटावा लागला. पण गाठ मात्रेत होती, नळी वाचली होती, स्नायू बाहेर होता. या वेळी वेळ न घालवता मास्तरांना थेट आत घेतलं. सीटीच्या टेबलावरून उचलल्यावर सुया तिथेच आहेत ना, हे मी जाळीशी वाकून पुन्हा पाहिलं. डॉ. भालेरावांनीही पाहिलं. सह्या झाल्या. दार लागलं.

कॅमेऱ्यातून आम्हाला मास्तर दिसत होते. यंत्राचा आवाज यायला लागला, दाणा पहिल्या सुईत शिरला. मास्तरांचे दोन्ही हात छातीवर होते. आधी मला वाटलं थरथरताहेत. मग लक्षात आलं, बोटं एका मागोमाग उचलली जात होती, दाबली जात होती. माणूस सुया घातलेल्या अवस्थेत, बंद खोलीत एकटा, मनातल्या मनात क्लॅरिनेट वाजवत होता. मी डॉक्टरांना दाखवलं. दोघं बघत राहिलो. शेवटच्या सुईतून दाणा परत आला, तेव्हाही बोटं चालूच होती.

उपचार संपल्यावर मीटर घेऊन आत जायचं आणि किरणांचा स्रोत यंत्रात परत गेला आहे, पेशंटच्या अंगात काही राहिलेलं नाही, हे तपासायचं असतं. मीटर गप्प होता. मी मास्तरांना सांगितलं की झालं, आणि घरी गेल्यावर नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या, तुमच्या अंगातून किरणबिरण काही येणार नाहीत. हे आवर्जून सांगावं लागतं. एका गृहस्थांना घरच्यांनी महिनाभर गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. नंतर ते मला म्हणाले की तेवढी झोप जन्मात कधी मिळाली नव्हती.

मास्तरांना पुढचे काही आठवडे लघवीला जळजळ झाली, रात्री उठावं लागायचं. ते होतंच. पण थेंब गेले नाहीत. पीएसए नावाची एक रक्ततपासणी असते, तिचा आकडा या रोगाचा माग सांगतो. तो दर खेपेला खाली येत गेला आणि खालीच राहिला. तपासणीला ते कोट घालूनच यायचे. वाजवायला सुरुवात केली का, असं मी विचारायचे. ते म्हणायचे, घरात वाजवतो. चार माणसांत वाजवायचं मात्र टाळत होते.

मग एका उन्हाळ्यात शंकर पत्रिका घेऊन आला. मास्तरांच्या पुतणीचं लग्न, देगलूरला. मी आणि डॉ. भालेराव दोघंही गेलो. मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत वरात निघाली. पुढे ढोल-ताशा, मागे बँड, आणि बँडच्या पुढे मास्तर, पांढरं धोतर, कोट, हातात क्लॅरिनेट. उन्हं कललेली होती. त्यांनी आधी खालच्या सुरात थोडं वाजवलं, शंकरकडे बघितलं, साथीदारांकडे बघितलं. मग छाती भरून घेतली आणि वरचा सूर लावला. तो त्यांनी असा धरला की पुढे नाचणारी पोरं थांबून मागे वळली. गच्चीवरच्या बाया कठड्याशी आल्या. सूर तुटेना. सगळी वरात क्लॅरिनेट ऐकत होती. मी आणि डॉ. भालेराव दोघंच त्यांच्या धोतराकडे बघत होतो.

धोतर कोरडं ठणठणीत होतं.

डॉ. भालेरावांनी माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडाला लावला. मलाही हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. पंगतीत मास्तर स्वतः आम्हाला वाढायला आले. कॅन्सरचं नाव त्यांनी काढलं नाही. "आजचा सूर कसा लागला?" एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, जागेवर लागला.

त्या दिवसानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली, की उपचाराच्या अगदी आधी सुया पुन्हा बघितल्याशिवाय कुणीही सुरू करायचं नाही. ती डॉ. भालेरावांनीच घालून दिली आणि माझ्यापेक्षा कडकपणे पाळली. पुढे आणखी पेशंट आले. हदगावचे एक निवृत्त गणिताचे सर आले. त्यांनी प्लॅन दाखवायचा हट्ट धरला आणि गाठीचा किती भाग पूर्ण मात्रेत आला ते विचारलं. मी आकडा सांगितला, तो नव्वदीच्या बराच वर होता. सर नाराज झाले. उरलेलं कुठे गेलं, शंभर का नाहीत? मी म्हटलं, सर, शंभर मिळवता येतात, पण मग तुमच्या लघवीच्या नळीला नापास करावं लागेल. ते विचारात पडले. शेवटी म्हणाले, या विषयात एवढे मार्क चालतील. आता दर दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि ते आपला पीएसए दशांशचिन्हासह सांगतात.

माणसं मुंबईला पाठवायची चिठ्ठी हळूहळू बंद झाली. आधी नांदेडची थांबली, मग परभणी-हिंगोलीकडची माणसं आमच्याकडे यायला लागली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. एकच वाटतं, की हे दहा वर्षं आधी सुरू झालं असतं तर किती बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर लातूरच्या एका नव्या दवाखान्यानं मला बोलावलं. तिथेही प्रोस्टेटच्या सुया सुरू करायच्या होत्या. सुनीता नावाची तिथली फिजिसिस्ट निलंग्याची. बोलणं कमी, प्रश्न फार. मी आठवड्यातून दोन दिवस जायचे. पहिले काही पेशंट आम्ही दोघींनी मिळून केले. सुरुवातीला ती प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे बघायची. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघायचे. मला तिचा राग येऊ नये म्हणून ती चहा आणायची, आणि चहा पीत पीत तेच प्रश्न पुन्हा विचारायची.

मागच्या महिन्यात एकदा माझा लातूरला जायचा वार नव्हता. त्या दिवशी तिच्याकडे पेशंट होता आणि मी घरी फराळाच्या भाजणीचं धान्य निवडत बसले होते. दुपारी तिचा फोन आला. काय अडलं असेल, काय सांगावं लागेल, याचा विचार मी उचलेपर्यंत करून टाकला.

"मॅडम, सुया थोड्या खाली आल्या होत्या," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुढे घेतल्या. पुन्हा स्कॅन केला, प्लॅन नवीन केला, गाठ चांगली झाकली गेलीय. सह्या झाल्यात. आता सुरू करतेय."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नळीची मात्रा बघितलीस का, असं विचारणार होते.

"बघितली," ती म्हणाली. "ठेवते."

फोन बंद झाला. तिला मला काही विचारायचं नव्हतं, फक्त कळवायचं होतं. मी तशीच फोन हातात धरून बसले होते. सासूबाईंनी आतून विचारलं, दवाखान्यातून बोलावणं आलं का गं? मी म्हटलं, "नाही आई. त्यांचं त्यांनी केलं."